सुई तशीच टोचून ठेव

चिपळूण, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस आणि मग म्हणालीस, "आई, साधी चार भांडी घासून होत नाहीत गं माझ्याकडून." मी "आराम कर" म्हणाले आणि फोन ठेवला, पण मग चैन पडेना. आराम कर म्हणणं सोपं असतं. पोटात बाळ असताना घर, ऑफिस सांभाळून तो करायचा कसा, हे मलाही तुझ्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

गेल्या रविवारी जरा हुशारी वाटली म्हणून तू माळा आवरलास, पडदे धुतलेस, गच्चीतल्या कुंड्यांची माती बदललीस. मग सोमवार-मंगळवार अंथरुणातून उठवेना. बाळा, बरं वाटतं तो दिवसच जास्त जपायचा असतो. दमल्यावर सगळेच बसतात. तू दमायच्या आधी बसायला शीक.

१९९५ च्या एप्रिलमध्ये मला सातवा महिना होता. उडदाचे पापड घातले होते. सकाळी सहाला पाटावर बसले ती अकरापर्यंत लाटतच होते. पाठ भरून आली होती, पण पीठ थोडंच उरलंय, आता संपवूनच उठू असं वाटलं. संपवलं, झटक्यात उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या काकूंनी धरलं म्हणून वाचले, नाहीतर पोळपाटावरच पडले असते. उरलेले पंधरा-वीस पापड दुसऱ्या दिवशी झाले असते तर काय बिघडलं असतं? आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तुला वाटतं तू आळशी झालीयेस. अगं, बाळासाठी तुझ्या अंगातलं रक्तच जवळजवळ दीडपट होत जातं. त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी, म्हणून हिमोग्लोबिन खाली येतं. चौथ्या महिन्यात हुशारी येते असं सगळ्या म्हणतात, तुला ती आली नाही याचं कारण रिपोर्टात आहे. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात आणि तुझं १०.२ आहे. तेव्हा लोहाची गोळी चुकवू नकोस. ती चहा-दुधाबरोबर मुळीच नको, लिंबूपाण्याबरोबर घे. चहा आणि गोळीत तासा-दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौचाला त्रास झाला तर गोळी परस्पर बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग, त्या बदलून देतील.

आता कामाचं. भाजी चिरणं, निवडणं, पोळ्या लाटणं हे सगळं खुर्चीवर बसून, पाय छोट्या स्टुलावर ठेवून कर. कणीक मळणं आणि ओल्या कपड्यांची बादली उचलणं जावईबापूंकडे. कपडे वाळत घालताना हात वर केले की नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस, त्यात काही तथ्य नाही. मात्र वर बघत फार वेळ उभी राहू नकोस, तुला चक्कर येते. उठताना कुशीवर वळून, थोडं बसून मग उठ. रात्री मुगाची खिचडी आणि ताक झालं तरी जेवण पुरं होतं. लादी एक दिवसाआड पुसली तरी चालेल, सासूबाई आल्या असतील तरीसुद्धा. कुंड्यांना पाणी घाल, पण तुमच्या गच्चीवर मांजरं येतात, त्यामुळे मातीत हात घालताना हातमोजे हवेतच आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधड झाली, डोकं सतत दुखलं, तोंड-हात सुजले किंवा अंगावरून थोडं जरी रक्त गेलं तर ते दमणं समजायचं नाही. लगेच डॉक्टरांना फोन करायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. सगळी बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवायचा तुझा विचार मला कळतो, पण नववा महिना लोकलच्या गर्दीत काढायचा हट्ट मात्र नको.

आणि गोधडी. दमतेस म्हणून शिवण सोडून दिलंस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. आवडीचं काम अगदीच बंद केलं की दिवस नुसता गोळ्या आणि उलट्यांचा होतो. तुझी आजी गोधडी शिवायची ती आठव. धावदोऱ्याची एक ओळ संपली की सुई कापडात तिरकी टोचून ठेवायची आणि उठायची. कितीही रंगात आली असली तरी दुसरी ओळ लगेच घ्यायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "उद्या कुठून सुरू करायचं ते सुई सांगते." तूही तसंच कर. जेवणानंतर झोप काढून उठलीस की उजेडाला बसून एक ओळ. जमलं नाही त्या दिवशी नाही.

बाळ यायच्या आधी त्याचे कपडे शिवू नयेत म्हणतात. तू मानत नाहीस, पण माझं मन धजत नाही, म्हणून ही गोधडी मी तुझ्यासाठी म्हणून घातली आहे. वर माझं जांभळं इरकल, आत आजीची दोन मऊ लुगडी. कडेच्या चार ओळी मी घातल्या, पाचवी अर्ध्यावर आहे. उद्याच्या एसटीने पार्सल पाठवते. उघडताना जपून, सुई तशीच टोचलेली आहे.

तुझी,
आई