चमकणाऱ्या डोळ्यांच्या भरवशावर राहू नका

महोदय,

सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजच्या माळावरून रात्री येताना कडेला हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. कधी लांडगा असतो, कधी काळवीट, कधी नुसतं मांजर. हे डोळे स्वतः उजेड पाडत नाहीत. मिट्ट काळोखात ते दिसणारच नाहीत. या प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे 'टॅपेटम ल्युसिडम' नावाचा चकचकीत थर असतो. पटलातून निसटलेला प्रकाश तो आरशासारखा परत पाठवतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. म्हणूनच अंधुक उजेडात त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. उरलेला प्रकाश आल्या वाटेने माघारी फिरतो, थेट गाडीवाल्याच्या डोळ्यांत.

माणसात हा थर नाही. डुकरातही नाही, आणि आपल्याकडे रस्त्यांवर मोकाट डुकरं कमी नाहीत! पाठ करून उभ्या असलेल्या जनावराचे डोळेही चमकत नाहीत. तेव्हा चमक दिसेलच या भरवशावर गाडी पळवू नका. आणि गंमत म्हणून त्या मुक्या जिवावर प्रखर झोत रोखून धरणं कृपया थांबवा. त्याचे डोळे दिपतात, ते जागीच खिळतं. लाइट डिमवर घ्या, वेग कमी करा, त्याला जाऊ द्या.

— एक वाचक, सोलापूर