टॉपच्या एक पायरी खाली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं ह्युंदाईच्या एक्स्टर गाडीचं कोटेशन आणि माहितीपत्रक दोन्ही मिळालं. फोनवर बोलायला लागलो की पाचव्या मिनिटाला तुझी आई फोन काढून घेते आणि विषय जेवणावर जातो, म्हणून लिहूनच काढतोय. गाडी कुठली घ्यायची यावर मी काही बोलणार नाही. तू चालवून बघितलीस, तुला आवडली, विषय संपला. पण तू सरळ टॉप मॉडेलचं कोटेशन घेऊन आलीस, त्यावर मात्र बोलणार.

शोरूममधला पोरगा टॉप मॉडेलच दाखवणार. टेस्ट ड्राइव्हला टॉप, काचेआड उभं टॉप, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर टॉप. बेस मॉडेल बघायचं म्हटलं की "ते यार्डात आहे, मॅडम". त्यामुळे बाकीच्या व्हेरियंटमध्ये नेमकं काय नाही, हे तुला कुणी डोळ्यांनी दाखवलेलंच नाही. ते आपणच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या बारीक तक्त्यात बोट ठेवून बघायचं.

माझं आख्खं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोकांच्या गाड्यांना काहीबाही बसवण्यात गेलं. टेप, कॅमेरा, हॉर्न, सेंट्रल लॉक, पॉवर विंडो. तेव्हा मला एकच प्रश्न विचारता येतो: उद्या ही वस्तू मी बसवू शकतो का? बसवता येत असेल तर तिच्यासाठी कंपनीला वरच्या व्हेरियंटचे पैसे देऊ नकोस. बसवता येत नसेल तर तिथे काटकसर करू नकोस. तुझ्या कोटेशनवर मी या एकाच हिशोबाने पेन फिरवलंय.

आधी बसवता न येणाऱ्या गोष्टी. एअरबॅग या गाडीत सगळ्या व्हेरियंटला सहा आहेत, २०२३ मध्ये गाडी आली तेव्हापासूनच. तो प्रश्न मिटला. दुसरी ईएससी. ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली की ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. त्यासाठी स्टीअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर लागतो, गाडी किती फिरतेय ते मोजणारा लागतो, चारही चाकांचे वेग लागतात आणि ब्रेकचं वेगळं हायड्रॉलिक युनिट लागतं. हे बाहेर कुणीही बसवत नाही, बसवतो म्हणाला तर त्याच्या दुकानात पुन्हा जाऊ नकोस. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे येऊ न देणारा हिल होल्डसुद्धा त्याच युनिटच्या जिवावर चालतो. तू आंबा घाट चढून येणार, पुढे मालाचा ट्रक थांबलेला, मागे एसटी चिकटलेली. तिथे तो पाहिजेच. तू घेशील त्या व्हेरियंटच्या रकान्यात या दोन्हींपुढे टिक आहे ना, ते कोटेशनवर नाही, तक्त्यात बघ.

तिसरी गोष्ट शोरूममध्ये कुणाच्या लक्षात येत नाही: ड्रायव्हर सीटची उंची आणि स्टीअरिंगचा तिरपेपणा. तू पाच फुटांची. बॉनेट दिसावं म्हणून तू सीट पुढे ओढणार आणि स्टीअरिंगला छाती टेकवून बसणार. एअरबॅग फुटते ती प्रचंड जोरात. छाती आणि स्टीअरिंग यांच्यात निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त, अंतर राहायला हवं. सीट वर उचलता आली तर पुढे ओढावी लागत नाही. उशी घेऊन बसणं हा उपाय नव्हे, ब्रेक मारला की उशी सरकते.

आता मुद्द्यावर येतो. मागचा वायपर आणि मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. देवरुखहून तुझ्या आरोग्य केंद्रापर्यंतचा रस्ता मी बघितलाय. तांबडी माती, कडेला चर, आणि समोरून वाळूचा डंपर. या अशा मागून सपाट कापलेल्या गाड्या चालायला लागल्या की मागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल उलटा वर ओढला जाऊन काचेवर बसतो. डिक्की बाहेर आलेल्या सेडानला हा त्रास कमी. अर्ध्या तासात मागचं काही दिसत नाही, आतला आरसा असून नसल्यासारखा. आणि घाटात ढग उतरले की आतून वाफ धरते ती वेगळीच.

हे मी बसवू शकतो का? डीफॉगरच्या त्या तपकिरी रेघा काचेतच छापलेल्या असतात. वरून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, पण वर्षभरात सोलतात. वायपरसाठी मागच्या दाराच्या आत मोटर, काचेला किंवा पत्र्याला भोक, पुढच्या टाकीपासून मागपर्यंत पाण्याची नळी, स्विचसाठी स्टीअरिंगखालची काडी बदलायची. करणारे करतात. मी करणार नाही, आणि माझ्या पोरीच्या गाडीला तर नाहीच.

मग कंपन्यांची खोड बघ. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत मागचा वायपर खालच्या व्हेरियंटमध्ये नसतो. तो मिळवायचा तर मधलं किंवा वरचं मॉडेल घ्या, आणि सोबत सनरूफ गळ्यात पडतं. मला सनरूफ नको होतं तुझ्यासाठी. त्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. तू गाडी लावणार फणसाखाली. पानं कुजून नळी तुंबली की पाणी छताच्या कापडात मुरतं, तिथून डॅशबोर्डमागे उतरतं आणि नेमकं वायरिंगच्या कपलरवर, म्हणजे जोडाच्या प्लगवर, थेंब थेंब पडतं. असल्या गाड्या दुकानात येतात तेव्हा तक्रार असते "हॉर्न आपोआप वाजतो". पण वायपर हवा असेल तर हे घ्यावं लागेल. घे, आणि मे महिन्याच्या शेवटी नळ्यांत पाणी ओतून बघ, खाली चाकाजवळ आलं पाहिजे. आणि तुझ्या भाच्यांना त्यातून डोकं बाहेर काढू देऊ नकोस, कितीही रडली तरी.

आता पैशांकडे. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे आकडे हलले आहेत. पण पायऱ्या किती उंचीच्या असतात ते कळायला २०२३ च्या पेट्रोल मॅन्युअलच्या एक्स-शोरूम किमती घे: ईएक्स ५.९९ लाख, एस ७.२७, एसएक्स आठ, एसएक्स (ओ) ८.६४ आणि सगळ्यात वर एसएक्स (ओ) कनेक्ट ९.३२ लाख. सगळ्यात मोठी उडी खालीच आहे, ईएक्सवरून एसवर. तिथे मागच्या काचांच्या पॉवर विंडो, मागचे एसी व्हेंट, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा, स्क्रीन असं बरंच मिळतं. मागचे एसी व्हेंट मी बसवू शकत नाही, आणि तुझी आई मागेच बसते, तेव्हा ती उडी आपल्याला मान्य.

शेवटची पायरी ६८ हजारांची होती. त्यात मुख्य काय, तर मोबाइलवरून गाडीशी बोलणं आणि डॅशकॅम. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर बघायची तुला गरज नाही, केंद्राच्या आवारातच असणार. डॅशकॅम मी बसवतो. फ्यूज बॉक्समधून टॅप घेऊन, वायरला ब्लेड न लावता, तासाभराचं काम. आणि ६८ हजार म्हणजे ६८ हजार नव्हेत. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलंस तर महिन्याला १,४१२, एकूण ८४,७०० च्या आसपास. वर महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी ७,४८०. नव्वद हजारांच्या वर गेले, मोबाइलवर गाडी बघायला.

दहा लाखांची रेघ तर विसरूच नकोस. ऑटोमॅटिक टॉप आणि वर दुरंगी छप्पर असं काहीतरी घेतलंस आणि किंमत ९.९५ वरून १०.०५ झाली, तर टॅक्स ११ चा १२ टक्के होतो, आणि तो वरच्या पाच हजारांवर नाही, पूर्ण किमतीवर. १,०९,४५० च्या जागी १,२०,६००. वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आगाऊ आयकर, लावतात. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण आधी खिशातून जातो.

पाच वर्षांनी विकायला गेलीस तर वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे मिळतील असं शोरूमवाला म्हणाला असेल. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. सेकंडहँड गिऱ्हाईक टायर, क्लच आणि किलोमीटर बघतं. स्क्रीन तोवर जुनाट झालेली असते.

आता मी बसवेन त्या गोष्टी: मोबाइल चार्जर, चांगले स्पीकर, डॅशकॅम. वायरिंग फक्त कपलर टू कपलर. डीलरकडचा पोरगा वायर सोलून जोड देतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांनी ती टेप उघडली की आतलं तांबं हिरवं पडलेलं असतं आणि टेपचा डिंक बोटाला चिकटतो. असा जोड सापडला की वॉरंटीही नाकारतात. म्हणून अ‍ॅक्सेसरी किटवर मी काट मारली आहे. मॅट आणि मडफ्लॅप तेवढे घे.

सीट कव्हर मात्र नीट ऐक. बाजूच्या एअरबॅग सीटच्या कुशीत असतात, शिवणीतून फुटून बाहेर येतात. साधं कव्हर चढवलंस तर सहातल्या दोन तू स्वतःच्या हाताने बंद केल्यास. कव्हर घ्यायचंच तर त्या बाजूला कमकुवत शिवण असलेलं, एअरबॅगसाठीचं म्हणून मिळतं तेच. पुढे लोखंडी गार्डही नको. २०१७ पासून त्यावर बंदी आहे, आणि धडकेचा जोर गाडीच्या पत्र्याऐवजी भलत्याच ठिकाणी जातो.

चाकांचं म्हणशील तर अ‍ॅलॉयसाठी मी एक रुपया जास्त दिला नसता. खड्ड्यात लोखंडी रिम वाकते, ठोकून सरळ होते. अ‍ॅलॉयला तडा जातो. पण वायपरवाल्या व्हेरियंटला १५ इंची अ‍ॅलॉय येतातच, तर येऊ देत. टायरमधली हवा तेवढी दर पंधरवड्याला बघ.

ऑटोमॅटिक घ्यायचं की नाही यावर तुझी आई आणि मी दोन गट आहोत. ही एएमटी आहे, म्हणजे गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायला आणि गिअर बदलायला मोटर. गिअर पडताना किंचित झटका बसतो. घाट उतरताना मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या गिअरवर ठेवायची सवय लावलीस तर हरकत नाही. रात्रीच्या ड्यूटीनंतर डावा पाय दुखत असेल तर घे, हा निर्णय तुझ्या गुडघ्याचा.

आणि आईला पट्टा लाव. मागे बसून ती कधीच लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, त्या गाडीत काही कमी नव्हतं. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या पट्ट्याचा इशारा वाजतो का, तेही टेस्ट ड्राइव्हला मागे कुणाला तरी बसवून बघ.

कोटेशनवर आणखी दोन खुणा केल्या आहेत. "हँडलिंग चार्जेस" ही ओळ काढायला सांग. नाही म्हणाले तर लेखी माग, मग आपोआप निघते. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला, २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीला १०,६४०. तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात आणि झिरो डेपमध्ये, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणाऱ्या जोड-विम्यात. मी इथे दोन ठिकाणी विचारून ठेवतो, तू त्यांचा आकडा वेगळा काढून घे.

तर टॉपच्या एक पायरी खालचं नवीन कोटेशन पाठव, रंग तुझ्या मनाने. आई म्हणते पांढरा नको, तांबड्या मातीत रोज धुवावा लागेल. मी म्हणतो पांढराच घे, धुक्यात दिसतो. गाडी ताब्यात घ्यायला मी येणार आहे. मल्टिमीटर घेऊनच येईन, त्यावरून शोरूममध्ये लाजू नकोस.

तुझे,
बाबा