चिरंजीवास पत्र : पानेवाडीचा टँकर

सोलापूर, १४ एप्रिल

चि. सचिन यास, अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझे तीन दिवसांचे प्रशिक्षण होऊन लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद झाली आणि आता तू मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल भरून निघणार, हे ऐकून आनंद झाला. फोनवर नेमके तेच बोलायचे राहून जाते, म्हणून लिहितो.

भरल्या टँकरला सगळेच भितात. मी इथल्या पाकणीच्या डेपोतून वर्षानुवर्षे फेऱ्या केल्या आणि चुकलो तो रिकाम्या टँकरबाबत. मोहोळजवळच्या एका हॉटेलासमोर, माल खाली केलेला टँकर चुलीपासून जेमतेम वीस पावलांवर लावून मी खुशाल जेवायला बसलो होतो. "मामा, वास येतोय," असे तिथल्या पोऱ्याने म्हटले, तेव्हा हातातला घास तसाच टाकून उठलो. पेट्रोल ओतले गेले तरी त्याची वाफ टाकीत उरते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि विस्तव दूर असला तरी तिथवर पोहोचू शकते. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी असते, रिकाम्या टाकीत मात्र हवा आणि वाफ दोन्ही कोंडलेली असतात. म्हणून येतानाही विडी, चूल, वेल्डिंग यांच्यापासून दूरच थांब. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३३ वा नियमही हेच सांगतो की गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि ती चालकाच्या किंवा अठरा वर्षांवरील जाणत्या माणसाच्या नजरेखाली असावी. अल्पवयीन क्लीनरच्या भरवशावर गाडी सोडून झोपणे त्यात बसत नाही.

माल खाली करताना आधी अर्थिंगची तार जोडावी, मग पाइप. एवढे तुला ठाऊकच आहे.

टँकरच्या पाटीवरचा १२०३ हा पेट्रोलचा क्रमांक आहे. त्यासोबतच्या '३वायई' या आपत्कालीन संकेतातील ३ म्हणजे आग विझवायला फेस वापरा आणि ई म्हणजे लोकांना तिथून हलवण्याचा विचार करा. गाडी कलंडली तर मदतीला धावलेला गाव पाण्याच्या बादल्या घेऊन येईल, पण पेट्रोल पाण्यावर तरंगून आणखी पसरते, हे तूच त्यांना सांगायचे आहेस. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला लगेच कळवावे.

केबिनमधले ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचे त्या सूचनांचे कार्ड, कोणत्या भाषेत आहे ते कळव. इंग्रजीत असेल तर वहीत उतरवून पाठव. धाकटीकडून मराठीत करून घेतो.

तुझे,
अण्णा