सुरामाच्या मावश्यांना, साबुदाणा भिजवणाऱ्या घरांतून

सुरामा गावातल्या, आणि गयानाच्या उत्तर रुपुनुनी भागात ज्या ज्या घरी मटापी, म्हणजे कसावा पिळायची विणलेली नळी, टांगलेली आहे त्या सगळ्या घरांतल्या आज्यांना, मावश्यांना आणि ताईंना,

स. न. वि. वि.

आमच्याकडे एकादशी किंवा संकष्टी आली की आदल्या रात्री ओट्यावर साबुदाणा भिजत पडतो. सकाळी त्याची खिचडी होते, दुपारी वडे, उरलाच तर थालीपीठ. त्यात आमच्या मातीतलं म्हणावं असं फारसं काही नाही. शेंगदाणा, मिरची, बटाटा ही सगळी अमेरिका खंडांतून आली आणि साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावाही तिकडचाच. मिरची-बटाटा परदेशी असल्याचं आता शाळेतलं पोरही सांगतं. कसावाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याच्या कडू जाती विषारी असतात. कंद जहाजातून आणणं सोपं होतं. तो खाण्याजोगा करण्याची विद्या शोधणं अवघड होतं, आणि ती अमेझॉनच्या जंगलातल्या तुमच्यासारख्या लोकांनी शोधली. हे पत्र त्या विद्येबद्दल आभार मानायला.

पत्र उघडं आहे, मराठी माणसंही ते वाचणार. म्हणून तुमचंच काम तुम्हाला सांगितल्यासारखं वाटेल, तेवढं सांभाळून घ्या.

वाचणाऱ्यांसाठी आधी गावाचा पत्ता. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाला गयाना देश आहे. राजधानी जॉर्जटाउन समुद्रकाठी आहे. तिथून लिंडेनमार्गे ब्राझीलच्या सरहद्दीवरच्या लेथेमकडे तांबड्या मातीचा रस्ता जातो. कुरुपुकारीला एसेक्विबो नदी ओलांडायची, मग इवोक्रामाचं सुमारे 3,71,000 हेक्टरांचं राखीव वर्षावन पार करायचं. जंगल संपून गवताळ माळ सुरू होतो तिथे, मुख्य रस्त्यापासून आत, पाकाराइमा डोंगरांच्या पायथ्याशी सुरामा वसलंय. काहीशे वस्तीचं हे मकुशी या आदिवासी लोकांचं गाव. घरं माळावर, शेतं जंगलात, कारण माळाची जमीन हलकी आहे आणि कसावाला जंगल तोडून-जाळून केलेली राखेची जमीन मानवते.

शेतापासूनच आभार सुरू करायला हवेत. कसावा लावतात तो खोडाच्या वीतभर तुकड्यांनी, उसाच्या कांड्यांसारखा. तुकड्यातून येणारं झाड आईची हुबेहूब नक्कल असतं, त्यामुळे एकच जात लावत राहिलं तर एकाच रोगाने सगळं शेत जाऊ शकतं. तुम्ही एका शेतात अनेक जाती मिसळून लावता, प्रत्येकीला नाव असतं. खुरपताना मातीत पडलेल्या बियांतून आपोआप उगवलेली रोपं दिसली तर ती उपटत नाही. वाढू देता, कंद बघता, पसंत पडला तर त्याच्या कांड्या पुढच्या शेतात लावता. नवं वाण तयार करण्याचं कामच आहे हे, आणि ते खुरपणी करता करता होतं. कंद जमिनीत महिनोन् महिने टिकतो, पाणी साचलं तर मात्र काही दिवसांत सडतो. 2021 च्या पुरात रुपुनुनीतल्या शेतांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

आता मुख्य काम. कंद काढला की घड्याळ सुरू होतं. दोन-तीन दिवसांत आत निळसर-काळ्या रेषा पडतात आणि तो वाया जातो. म्हणून लागतील तेवढेच काढायचे, वारिशीत म्हणजे कपाळाला पट्टा लावून पाठीवर घ्यायच्या टोपलीत भरून आणायचे, सोलायचे, धुवायचे आणि लगेच किसायला घ्यायचे. पूर्वी लाकडी फळीत गारगोटीच्या कपच्या बसवलेली किसणी असे. आता खिळ्याने भोकं पाडलेला पत्रा असतो, कुठे इंजिनवर चालणारी किसणी.

विष उतरायला सुरुवात होते ती किसतानाच, आणि ही गोष्ट आमच्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. कसावाच्या पेशींत लिनामरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं पाचकद्रव्य पेशीच्या भिंतीत वेगळं साठलेलं असतं. कंद शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. बारीक किसलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटायला लागतं. हा वायू 26 अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणजे उबदार हवेत उडून जातो. जे पाण्यात विरघळलंय ते पिळून काढायचं, जे उरलंय ते तव्यावर घालवायचं. कीस जितका बारीक तितकं विष जास्त सुटतं. कडू कंदाचे मोठे तुकडे नुसते उकळत्या पाण्यात टाकले तर उलटंच होतं. उष्णतेने ते पाचकद्रव्य आधी मरतं, लिनामरिन तसंच राहतं, आणि शिजलेला, मऊ, खायला तयार दिसणारा तुकडा विषारीच असतो.

मग मटापी. मुकरू नावाच्या जंगली वनस्पतीच्या खोडाच्या पट्ट्या तिरप्या विणून केलेली, पुरुषभर उंचीची, दंडाएवढी जाड नळी. वर फास, खाली फास. आमच्याकडे अशी वस्तू नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मटापी वरून खाली दाबली की आखूड होऊन फुगते. त्या फुगलेल्या पोटात ओला कीस भरायचा. वरचा फास आढ्याला अडकवायचा आणि खालच्या फासातून लांब दांडा ओवायचा. दांड्याचं एक टोक खांबाच्या खाचेत अडकवायचं आणि दुसऱ्या टोकावर बसायचं, एकीने किंवा दोघींनी. दांड्याची तरफ होते, वजन कितीतरी पटीने खाली ओढतं. नळी लांब होते तशी अरुंद होते आणि चारी बाजूंनी सारखी आवळते. विणीच्या फटींतून पिवळट पाणी आधी धारेने येतं, मग थेंबथेंब. नळी ताणली गेली की दांडा खाली येतो, तेव्हा तो पुन्हा वर घेऊन बसायचं. थेंब थांबेपर्यंत हेच. आमच्याकडे चक्का फडक्यात बांधून टांगतात, तिथे पाणी आपल्या वजनाने गळतं. इथे विणच पिळते.

यात चुकतं कुठे? कीस भरताना एका जागी ठासला आणि दुसऱ्या जागी सैल राहिला तर ठासलेल्या गोळ्याच्या पोटात पाणी राहतं. घाईने उठलं तरी तेच. ओलावा राहिला म्हणजे विषही राहिलं, आणि या किसाची पुढे जी भाकरी करतात ती तव्याला चिकटते ती वेगळीच. नीट पिळलेला कीस मटापीतून काढला की खडूसारखा कोरडा दांडका निघतो, हाताने मोडतो. तो चाळणीवर चोळून भुगा करायचा, जाड रेषा बाजूला टाकायच्या आणि तापलेल्या मोठ्या तव्यावर पसरायचा. पीठ मळायचं नाही, पाणी घालायचं नाही. भुग्यात उरलेल्या दमटपणाने आतला स्टार्च तव्याच्या उष्णतेत चिकट होतो आणि भाकरी स्वतःच बांधली जाते. कडा हाताने सारख्या करायच्या, वरून दाबायचं, खालची बाजू धरली की उलटायचं. तवा कमी तापला तर भुगाच राहतो. जास्त तापला तर खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. मग भाकऱ्या उन्हात कडक वाळवायच्या.

पिळून निघालेलं पाणी भांड्यात स्थिर ठेवलं की काही वेळाने तळाशी पांढरा साका बसतो. हाच टॅपिओका. हा शब्दही तुपी भाषेतून आलाय, त्याच पिळण्या-निथळण्याच्या कामावरून. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, वरचं पाणी ओतून चीक काढणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला हे पांढरं, बोटाखाली करकरणारं घट्ट काहीतरी बघताक्षणी ओळखू येईल. फरक इतकाच की गव्हाच्या चिकावरचं पाणी आपण बिनघोर ओततो आणि तुमच्या भांड्यातलं पाणी कोंबडी प्यायली तर मरते. म्हणून ते झाकून, पोराबाळांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवायचं. तेच पाणी तुम्ही मोकळ्या जागी उकळत, आटवत काळपट, काकवीसारखं दाट करता. त्याला कॅसरीप म्हणतात. विष वाफेबरोबर जातं, साखर गडद होते. ते घालून केलेलं मांस रोज एकदा उकळत ठेवलं तर फ्रिजशिवाय कित्येक दिवस टिकतं. विषारी धोवणातून टिकाऊ मसाला काढणं हे आम्हाला या सगळ्यात सर्वांत थोर वाटतं.

फरीनबद्दल थोडक्यातच. काही कंद तीन-चार दिवस पाण्यात भिजवून मऊ करायचे, ताज्या किसात मिसळायचे, पिळायचे, चाळायचे आणि मोठ्या कढईत लाकडी फावड्याने सतत हलवत दाणेदार होईपर्यंत भाजायचे. कोरडं ठेवलं तर महिनोन् महिने टिकतं. पाराकारी हे पेय तर तुम्ही बुरशी लावून आंबवता, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

या पायऱ्या गाळल्या तर काय होतं, तेही मराठी वाचकांना कळायला हवं. कंद आफ्रिकेत गेला, पण त्याच्याबरोबर विद्या सगळीकडे पोचली नाही. जिथे लोकांना ती साधली, तिथेही दुष्काळात सगळ्या पायऱ्या करायला वेळ उरला नाही. 1981 मध्ये मोझांबिकच्या उत्तर भागात दुष्काळ होता, पोटात कडू कसावाशिवाय फारसं काही नव्हतं आणि तो पुरेसा न वाळवता खाल्ला गेला. हजारावर माणसांचे पाय कायमचे लुळे पडले, त्यात बायका आणि मुलं जास्त. या आजाराला कोंझो म्हणतात. त्यावर इलाज नाही.

आमच्या सह्याद्रीतही कडू करांदे खाण्याजोगे करण्याची रीत आदिवासी घरांत आहे. पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या. त्यामुळे तुमचं काम किती पिढ्यांच्या धीराचं असेल याची कल्पना येते. सुरामाच्या आसपासच कसावा जन्मला असं आम्ही म्हणत नाही. त्याचं मूळ अमेझॉनच्या नैऋत्य कडेला असल्याचं शास्त्रज्ञ सांगतात. पण विद्या कुठे जन्मली याहून ती आज कोण रोज करतंय हे आम्हाला मोलाचं वाटतं. तुम्ही करता, आल्यागेल्याला न लपवता दाखवता, आणि 1990 च्या दशकात मकुशी रिसर्च युनिट या स्थानिक अभ्यासगटातल्या बायकांनी ती लिहूनही ठेवली. त्याबद्दल मनापासून आभार.

आमचा साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलम-नामक्कल पट्ट्यातून. 1981 मध्ये तिथे सागोसर्व्ह ही सहकारी संस्था उभी राहिली, 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारखान्यात यंत्रं आहेत, पण पायऱ्या तुमच्याच: सोलणं, किसणं, धुणं, साका बसवणं. फक्त शेवटी साक्याचे दाणे करतात. ती एक पायरी तुमच्याकडे नाही, म्हणून परतफेड म्हणून तीच पाठवतो.

साका उन्हात थोडा सुकवा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा इतकाच दमट राहू द्या. जाड चाळणीतून चोळून पाडा. हा भुगा सुती कापडाच्या झोळीत घालून दोन टोकं धरून पुढे-मागे हलवा, दाणे आपोआप गोल होतात. बारीक पीठ चाळून परत साक्यात टाका. तव्याला तेलाचा हात लावून मंद आचेवर दाणे सतत हलवत परता. वरचा थर किंचित पारदर्शक झाला की उतरवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. साका फार ओला असेल तर गोळे होतील, फार कोरडा असेल तर पीठच राहील. तवा कमी तापला तर वरचा थर शिजत नाही, आणि मग असे दाणे भिजवल्यावर पाण्यात विरघळतात.

खिचडीसाठी दोन वाट्या दाणे दोन-तीनदा धुवा, वरचं सुटं पीठ जाऊ द्या. नाहीतर खिचडीचा चिकट गोळा होतो. सगळं पाणी निथळून दाणे जेमतेम भिजतील एवढंच ठेवा आणि चार-पाच तास झाकून ठेवा. दाणा चिमटीत दाबला की मध्ये टणक कण लागता कामा नये. त्यात वाटीभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, मीठ, चिमूटभर साखर कालवा. कूट दाण्यांना वेगळं ठेवतं, त्यात कंजूषी नको. तुपात जिरं, मिरची आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी परतून दाणे घाला. तुमची विरीविरी मिरची चालेल, पण ती आमच्या लवंगीसारखी जहाल, तेव्हा एकच घाला. दाणे पांढऱ्याचे पारदर्शक झाले की लगेच उतरवा आणि गरमच वाढा, गार झाली की ती चामट होते. वरून लिंबू पिळा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या ऋणात,
साबुदाणा भिजवणारी मराठी घरं