स्टेडियमचे कुंपण आत घ्या

महोदय,

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. एवढी गर्दी आता आपल्या भागाला नवी नाही. म्हणूनच यापुढे ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवे क्रीडासंकुल होईल किंवा जुनी गॅलरी पाडून नवी उभी राहील, तेव्हा सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी: तिकीट तपासायचे कुठे? बहुतेक ठिकाणी ते रस्त्यालगतच्या कंपाउंड वॉलवर तपासतात. त्यामुळे सामना नसतो त्या दिवशी वॉल आणि गॅलरी यांच्यामधली सगळी जागा कुलूपबंद राहते. तपासणीची ही रेषा गॅलरीच्या मागच्या भिंतीपर्यंत आत घ्यावी आणि बाहेरचा पट्टा वर्षभर लोकांना मोकळा ठेवावा, अशी आमची मागणी आहे.

म्युनिकमध्ये 1972 च्या ऑलिम्पिकसाठी गुंटर बेनिश आणि फ्राय ओटो यांनी तंबूसारखे छत टेकड्या-तळ्याच्या बागेत बसवले. पन्नास वर्षे उलटली तरी ती शहराची रोजची बाग आहे. आपल्याला जास्त जवळचे उदाहरण सिंगापूरचे, कारण तिथलाही पाऊस जोरदार. 2014 मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या राष्ट्रीय स्टेडियमचा घुमट 310 मीटर व्यासाचा आहे. त्याच्या कडेने जाणाऱ्या छपराखालच्या वाटेवर लोक तिकिटाशिवाय चालतात, धावतात.

यावर सुरक्षेचे काय, असा प्रश्न हमखास येतो. खरे तर हा मोकळा पट्टा मुळात सुरक्षेसाठीच लागतो. क्रीडागारांच्या ब्रिटिश सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त 82 माणसे बाहेर पडतात, जिन्यावरून 66. बाहेर पडायला आठ मिनिटांहून जास्त लागू नयेत. वीस हजार प्रेक्षक धरले तर सपाट वाटांची एकूण रुंदी साडेतीस मीटर लागते, जिन्यांची 38 मीटर. पण ही माणसे दरवाजातून निघून थेट रस्त्यावर आली तर बस, रिक्षा आणि गर्दी एकमेकांत अडकतात. अर्धे लोक एकाच वेळी बाहेर रेंगाळले आणि चौरस मीटरला दोन माणसे धरली, तरी 5,000 चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकर मोकळी जागा हवी. 4 जून 2025 रोजी बंगळूरूच्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये 11 जणांचा जीव गेला तो दरवाजांबाहेरच. सामन्याच्या दिवशी जी जागा माणसे वाचवते, तीच उरलेल्या दिवशी मुलांना आणि ज्येष्ठांना द्यायची आहे; त्यासाठी वेगळा भूखंड लागत नाही.

आता बांधकामाचे. गॅलरीच्या पोटातली जागा दुकाने, व्यायामशाळा, वाचनालय यांना देता येते. मात्र उंची 2.4 मीटरच्या खाली जाते तिथे फक्त कोठार आणि मीटर रूम. इथे सगळ्यात जास्त बिघडतो तो एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे काँक्रीटला फुगायला जागा म्हणून मुद्दाम सोडलेली फट. पायऱ्यांमधल्या या फटीत सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचीक मसाला, भरून काम पुरे झाले असे मानतात. उन्हाने काँक्रीट फुगते-आकसते, दोन-तीन वर्षांत सीलंट सुटते आणि जुलैत खालच्या गाळ्यात पाणी ठिबकू लागते. गाळा ओला, म्हणून रिकामा. रिकामा, म्हणून बंद. यावर उपाय एकच: फट गळणार हे धरून चालायचे आणि प्रत्येक जॉइंटखाली स्टीलची पन्हळ देऊन ती पावसाच्या पाइपला जोडायची. छपराचे पाणी वाया घालवू नये. 10,000 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी येते.

फरशी पॉलिश केलेली नको. पहिल्याच पावसात लोक घसरतात. खरखरीत कोटा किंवा फ्लेम केलेला (ज्वाळेने खरखरीत केलेला) ग्रॅनाइट घ्यावा, उतार शंभरास एक. अग्निशमनची गाडी जाईल त्या सहा मीटर पट्ट्यात पेव्हर ब्लॉक 80 मिलिमीटर जाडीचेच. 60 चे खचतात. नवरात्र, प्रदर्शने, मेळावे यांचे मांडव याच पट्ट्यात बसावेत. त्यासाठी दर सहा मीटरवर झाकणाचे गॅल्व्हनाइज्ड पाइप आधीच पुरून ठेवावेत, म्हणजे दर वेळी खड्डे खणावे लागत नाहीत. मैदानात मात्र मांडव अजिबात नको. वाळूमिश्रित मातीचा थर जेमतेम 300 मिलिमीटर, त्याखाली खडी आणि निचऱ्याचे पाइप. एक खुंटी चुकीच्या जागी ठोकली की तेवढ्या भागात पावसाळाभर पाणी तुंबते. गवतही लोकांच्या रोजच्या चालण्यासाठी नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

सावलीकडे आराखड्यात नेहमी दुर्लक्ष होते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, हे या भागातल्या कोणत्याही नियोजनकाराने विसरू नये. संध्याकाळी गॅलरीची सावली पूर्वेला पडते. बाके, खेळणी, पिण्याचे पाणी तिकडे ठेवावे. पश्चिमेला झाडे लावावीत: बकुळ, करंज, ताम्हण. गुलमोहर, सोनमोहर वादळात मोडतात. पट्ट्याखाली तळघर पार्किंग काढले तर झाडे खुरटतात, म्हणून झाडांच्या रांगेखालची जमीन मोकळी सोडावी.

स्वच्छतागृहांना दोन दरवाजे असावेत, एक आत आणि एक बाहेर. सामन्याच्या दिवशी बाहेरचा बंद, एरवी आतला. पट्ट्याचे दिवे फ्लडलाइटपासून वेगळ्या मीटरवर हवेत, नाहीतर वीजबिलाचे कारण पुढे करून संध्याकाळी सातलाच अंधार केला जातो. या पट्ट्याची झाडलोट, पहारा आणि दुरुस्ती कोण करणार, किती वाजेपर्यंत तो उघडा राहणार, हे निविदेतच लिहावे. गाळ्यांच्या भाड्याचा ठरावीक हिस्सा याच खर्चासाठी वेगळ्या खात्यात जमा व्हावा आणि आराखडा मंजूर होण्याआधी नागरिकांसमोर ठेवावा.

— क्रीडागारांच्या रचनेवर काम करणारे काही वास्तुविशारद व स्थापत्य अभियंते, ठाणे आणि नवी मुंबई