ताई-ची म्हणजे नाच नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमाटी बागेतल्या ताई-ची या संथ चिनी व्यायामाच्या आणि ध्यानाच्या कार्यक्रमाची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘ज्येष्ठांनी धरला ठेका’ हे शीर्षक कोणी दिलं? तिथे ठेका धरायचाच नव्हता. तो धरायला लावला, हीच आमची तक्रार आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मनात भीती बसली. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जायचं तरी भिंतीला हात. बागेतल्या मंडळींनी त्यांना आधी खुर्चीची पाठ धरून उभं केलं. सगळा भार एका पायावर घ्यायचा, दुसरा पुरता रिकामा झाला की मगच उचलायचा, आधी टाच टेकायची, मग भार सरकवायचा. गुडघा पंजाच्या पुढे न्यायचा नाही. इतकंच, रोज. दिवाळीत त्या वाड्याचा जिना कठडा धरून का होईना, एकट्या चढल्या.

त्याच जाऊबाई रविवारी उन्हात ताटकळत होत्या, कारण पाहुणे यायचे होते. ते आल्यावर स्पीकरवर ढोलाचं गाणं लागलं आणि व्हिडिओ काढणारा मुलगा ओरडला, “काकी, जरा फास्ट!” घाईत पाय उचलला आणि तोल गेला. शेजारच्या बाईंनी दंड धरला म्हणून निभावलं. पुढे ध्यानाला डोळे मिटले, तर कानाशी आभारप्रदर्शन! आपल्या बातमीत पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट आहेत, यातलं एक अक्षर नाही.

या व्यायामात संथपणा हाच व्यायाम आहे. २०१२ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, १९५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ताई-ची करणारे स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. आणि ही ‘चिनी योगासनं’ही नव्हेत. मूळ ही युद्धकला आहे. बागेत शिकवतात तो २४ हालचालींचा संच १९५६ मध्ये चीनमध्ये सर्वसामान्यांसाठी बांधला गेला. मी स्वतः तिथे एवढं शिकले की उत्तर देण्याआधी श्वास पूर्ण सोडायचा. घरातले निम्मे वाद त्यानेच टळतात.

‘बडोद्याला ध्यानाचं नवं वेड’ हे तर वाचवेना. १९०८ च्या सुरुवातीला याच गावात योगी विष्णु भास्कर लेल्यांनी अरविंदबाबूंना (अरविंद घोषांना) तीन दिवस ध्यानाला बसवलं होतं. बडोद्याच्या मराठी वाचकांना हे सांगावं लागावं?

शीर्षकाची दुरुस्ती छापावी. पुढच्या वेळी वार्ताहराला पाहुणे येण्याआधी, सकाळी सहाला पाठवा आणि आमच्याबरोबर उभं राहू द्या.

जाता जाता : रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्याचा टाइप पुन्हा पहिल्यासारखा मोठा करा. भिंग घेऊनही आडवे-उभे आकडे लागत नाहीत.

आपली,
एक जुनी वाचक,
दांडिया बाजार, बडोदे