‘आधी ऐकव’ म्हणणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट अद्याप झालेली नाही. तरीही माझा पाचव्या पिढीचा आयपॉड (ॲपलचे गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र) पुन्हा वाजता होईपर्यंत तुम्ही फोनवरून मला जितका वेळ दिलात, तितका वेळ सख्खी माणसेही सहसा देत नाहीत. हे आभार फोनवरच मानता आले असते. परंतु अशी यंत्रे पुष्कळांच्या कपाटात पडून आहेत, आणि ती उघडण्यापूर्वी तुम्ही मला जे सांगितलेत ते त्यांच्याही कानावर जावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा बॅटरी गेली आहे, असे मी स्वतःच ठरवून टाकले होते. यंत्र सुरू केले की पडद्यावर सफरचंद दिसे, थोड्या वेळाने ते जाऊन फोल्डर आणि उद्गारचिन्ह येई, आणि पुन्हा अंधार. नवी बॅटरी कोणती घ्यावी एवढेच मला तुम्हाला विचारायचे होते. तुम्ही म्हणालात, “आधी ऐकव.” मी आयपॉड फोनला टेकवून धरला. हलकीशी घरघर, मग टिक, टिक, टिक, मग शांतता, आणि पुन्हा तेच. तुम्ही बराच वेळ काहीही न बोलता ऐकत राहिलात आणि मग सांगितलेत, की डिस्क फिरते आहे म्हणजे बॅटरी अजून जोर देते आहे. वाचणाऱ्या टोकाला मात्र आपली जागा सापडत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुरुवात करते आहे. खिशात मावणाऱ्या त्या डबीत १.८ इंची हार्ड डिस्क आहे आणि तिची तबकडी मिनिटाला ४,२०० वेळा फिरते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. २००५ साली आलेल्या यंत्रातल्या फिरत्या भागांनी इतकी वर्षे साथ दिली हेच पुष्कळ झाले, आता न फिरणारी मेमरी बसवायची, असे तुम्ही म्हणालात आणि माझी निराशा तिथेच ओसरली.

त्यानंतर मी उत्साहाच्या भरात बाजारात मिळेल ते सर्वांत मोठे मेमरी कार्ड घ्यायला निघाले होते. तेव्हा तुम्ही मला थांबवून जे समजावलेत, ते मी वहीत उतरून ठेवले आहे. जागा किती हवी याचा विचार करताना केवळ कार्डाकडे न पाहता यंत्राच्या काम करताना लागणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीकडेही, म्हणजे रॅमकडेही, पाहावे लागते. माझ्या ३० जीबीच्या आयपॉडमध्ये रॅम ३२ एमबी आहे, तर त्याच पिढीच्या ६० जीबीच्या आयपॉडमध्ये ६४ एमबी. गाण्यांची सगळी यादी त्या रॅममध्ये चढते, त्यामुळे गाणी बेसुमार भरली तर कार्डावर जागा शिल्लक असूनही यंत्र अडखळते. काही जुन्या मॉडेलांवर दुसरीही एक मर्यादा असते आणि तिचे गणित तुम्ही मलाच करायला लावलेत: साठवणीतल्या प्रत्येक खणाचा पत्ता २८ बिटांत लिहायचा म्हटले की २६,८४,३५,४५६ खणच मोजता येतात, प्रत्येक खणात ५१२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ जीबी, त्यापुढची जागा त्या यंत्राला दिसतच नाही. माझ्या मॉडेलला ही अट लागू नव्हती, तरी कारण कळल्यावर मी निमूटपणे १२८ जीबीवर आले. माझे सर्व संगीत मूळ दर्जा न घटवता साठवूनही त्यात सावकाश मावते.

पहिले कार्ड बनावट निघाले. स्वस्त दिसले म्हणून मी ते घाईने मागवले होते, आणि संगणकाने त्याची क्षमता बरोबर दाखवल्यावर माझी खात्रीही पटली होती. तुम्ही मात्र ते पूर्ण भरून परत वाचून पाहायला सांगितलेत. एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम रात्रभर चालवला. सकाळी पाहते तो सुरुवातीचा भाग तेवढा बरोबर वाचला गेला होता आणि पुढे सगळा कचरा होता. ही तपासणी केली नसती, तर काही महिन्यांनी अर्धी गाणी मध्येच तुटू लागली असती आणि मी दोष कार्ड आयपॉडला जोडणाऱ्या अडॅप्टरला देत बसले असते. दुसरे कार्ड मी त्याच कसोटीला लावले. ते उतरले, तेव्हाच यंत्र उघडायला घेतले.

उघडण्याची ती दुपार मी विसरणार नाही. होल्डचे बटण लॉक स्थितीत सरकवून, तुम्ही मैत्रिणीच्या हाती पाठवलेली पातळ प्लास्टिकची पट्टी मी पुढचा भाग आणि चकचकीत पाठ यांमधल्या फटीत घातली. खाचा एकेक करून सुटत गेल्या, प्रत्येक वेळी ‘कट’ असा आवाज येई आणि काहीतरी मोडले असे वाटून माझा हात थांबे. तो आवाज तसाच येतो, हे तुम्ही आधी सांगून ठेवले होते म्हणून मी पुढे जाऊ शकले. दोन्ही भाग वेगळे होताच मी ते पुस्तकासारखे उघडायला निघाले, आणि तेवढ्यात फोनवरून तुमचा आवाज आला: “थांब, ओढू नकोस.” बॅटरीची नारिंगी रिबन केबल दोन भागांमध्ये ताणली गेली होती. तिला धरून ठेवणारी तपकिरी पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलायची असते. त्याहून जास्त जोर लावला तर ती मदरबोर्डावरून (यंत्राच्या मुख्य सर्किट बोर्डावरून) उखडून येते आणि मग ते बोर्डच निकामी होते. नखाने ती पट्टी वर सरकवताना मी श्वास रोखून धरला होता. केबल आपसूक सुटून आली. या कामात खरे कौशल्य जोर लावण्यात नसून जोर न लावण्यात आहे, हे मला त्या दोन मिलिमीटरांनी शिकवले आणि ते शिकवायला तुम्ही पलीकडे होतात.

हेडफोनची केबल आणि मग डिस्कची केबल सोडवणे त्या मानाने सोपे गेले. जुन्या डिस्कच्या कडेची रबराची आवरणे काढून ठेवली, अडॅप्टरमध्ये कार्ड बसवले, आणि डिस्कची जाडी गेल्याने उरलेल्या पोकळीत फोमचा तुकडा ठेवला, म्हणजे आत काही हलणार नाही. पण संगणकाला आयपॉड दिसेना. मी लगेच कार्डावर संशय घेतला. तुम्ही शांतपणे विचारलेत, “रिबन दोन्ही टोकांना सारखीच आत गेली आहे का?” पाहते तर एक टोक केसभर बाहेर होते. रिबन धरून ठेवणारी काळी पट्टी उचलून रिबन सरळ बसवली, मेनू आणि मधले बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, सफरचंदाचे चिन्ह दिसताच मधले आणि प्ले ही बटणे दाबून धरली, आणि संगणकावर आयपॉडचे नाव उमटले. रिस्टोअर, म्हणजे यंत्राची मूळ प्रणाली नव्या कार्डावर पुन्हा बसवणे, व्हायला काही मिनिटेच लागली, त्या वेळात मात्र आपण दोघेही फोनवर काही बोललो नाही.

काका, तुम्ही म्हणाला असतात की यंत्र पाठवून दे, तर मी ते आनंदाने पाठवले असते, आणि तुमचा वेळही वाचला असता. तुम्ही ते केले नाहीत. प्रत्येक पायरीवर कारण सांगितलेत, माझे प्रश्न दोनदोनदा ऐकून घेतलेत, आणि चूक होण्याच्या क्षणी नेमके थांबवलेत. तुमच्या त्या धीराबद्दल मी तुमची अतिशय ऋणी आहे.

आता गाणे निवडले की ते लगेच सुरू होते. पूर्वी काही गाण्यांनंतर डिस्क जागी होई आणि तळहाताला तिची बारीक थरथर जाणवे, ती आता नाही. बॅटरी जुनीच आहे, तरी एका चार्जवर पूर्वीपेक्षा बरीच जास्त टिकते. काल रात्री आवाज बंद करून मी आयपॉड नुसताच कानाशी धरला. आत काहीही ऐकू आले नाही.

तुमची पट्टी मैत्रिणीच्याच हाती परत पाठवत आहे. तिच्या एका टोकाला माझ्या हातून चरा पडला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. सोबत एक नवी पट्टीही ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
आयपॉडवाली मुलगी